‘विशेष’ कुठे आहे? : व्यावसायिक इंग्रजी गद्याची एक तपासणी

आपल्याकडे कथा-कादंबरीची समीक्षा होते, कवितेची होते, आत्मचरित्रांची आणि प्रवासवर्णनांचीही होते. पण शिकलेला मराठी माणूस आज दिवसभरात सर्वांत जास्त जे गद्य लिहितो, त्याकडे समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही. हे गद्य इंग्रजी आहे. ते ईमेलमध्ये असते, बैठकीच्या इतिवृत्तात असते, अहवालात, निविदेत, ग्राहकाच्या तक्रारीला दिलेल्या उत्तरात आणि प्रेझेंटेशनच्या पडद्यावर असते. हिंजवडीतला संगणक अभियंता किंवा चाकणच्या कारखान्यातला खरेदी विभागाचा माणूस आठवड्याभरात असे जितके लिहितो, तितके मराठीत तो वर्षभरातही लिहीत नसेल. या लेखनाला वाङ्मयीन मूल्य नाही, हे मान्य. पण त्याला रचना आहे, संकेत आहेत, परंपरा आहे. आणि त्याच्या बऱ्यावाईटपणाचे परिणाम कवितेच्या बऱ्यावाईटपणापेक्षा फार लवकर दिसतात.

या गद्याचे जे रूप आदर्श मानले जाते, त्याला ‘प्रोफेशनल लँग्वेज’ म्हणतात. ती शिकवणारे वर्ग तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहेत. मुंबई विद्यापीठाच्या वाणिज्य शाखेत ‘बिझनेस कम्युनिकेशन’ हा विषय वर्षानुवर्षे शिकवला गेला आहे. या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत ‘सात सी’ हटकून भेटतात. परिपूर्णता, संक्षेप, वाचकाची कदर, नेमकेपणा, स्पष्टता, सौजन्य आणि शुद्धता हे चांगल्या व्यावसायिक पत्राचे सात गुण. त्यांची इंग्रजी नावे ‘सी’ या अक्षराने सुरू होतात, म्हणून सात सी. यादीत खोट काढण्यासारखे काही नाही. प्रत्यक्षात मात्र शिकणाऱ्याच्या अंगी त्यातले दोनच गुण मुरतात : सौजन्य आणि शुद्धता. वरिष्ठाची नजर चटकन या दोहोंवरच जाते. पत्र गोड असले आणि व्याकरणाची चूक नसली की ते ‘प्रोफेशनल’ ठरते. त्यात नेमके काय म्हटले आहे, हा प्रश्न मागे राहतो.

या लेखात एकच गोष्ट तपासायची आहे. औपचारिकता पत्राच्या कडेला असते तोवर ती निरुपद्रवी असते, कधी कधी सुंदरही असते. ती मजकुराच्या मध्यात शिरली की वाक्यातला कर्ता आणि त्याची क्रिया गिळून टाकते. हा बदल कसा झाला आणि त्याची किंमत काय, हे काही पत्रे समोर ठेवून पाहू.

*

औपचारिक पत्रलेखन आपल्याला इंग्रजांनी शिकवले, असे नाही. हेमाद्रीच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ‘मेस्तकां’मध्ये कोणाला कोणता मायना लिहावा याचे नियम आहेत. पेशवाईतले एखादे पत्र वाचायला घेतले, की आधी ज्याला पत्र लिहिले त्याच्या पदाला आणि वयाला साजेसा मायना येतो. मग येथील कुशल जाणून आपले कुशल लिहीत जावे अशी विनंती येते. आणि त्यानंतर एक शब्द येतो : ‘विशेष’. हा शब्द म्हणजे मजकुराचा उंबरठा. त्याच्या अलीकडे सगळा शिष्टाचार, पलीकडे काम. पलीकडे गेले की भाषा एकदम बदलते. फौज कुठवर आली, पैका किती पोहोचला, किती राहिला, कोण ऐकत नाही, काय पाठवावे हे थेट सांगितलेले असते. सांगून संपले की ‘बहुत काय लिहिणे’ येते आणि पत्र पुन्हा शिष्टाचारात मिटते. अनोळखी वाचकाला हा डोलारा कंटाळवाणा वाटेल. पण सरावाच्या कारकुनाला ‘विशेष’ कुठे आहे हे ठाऊक असे. तो थेट तिथे जाई.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पत्राची बांधणी याहून फार वेगळी नव्हती. ‘आय हॅव द ऑनर टू बी, सर, युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ असा शेवट वरिष्ठ अधिकारी आपल्या हाताखालच्यालाही करत असे. कोणी त्यावरून त्याला खरोखर आज्ञाधारक सेवक समजत नसे. ती चौकट होती. कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या कचेरीत इंग्रजी लिहायला बसलेल्या देशी कारकुनाला ही चौकट परकी वाटली नसणार. ‘आय बेग टू स्टेट’ हे त्याच्या लेखी ‘विज्ञापना’च होती.

त्या कारकुनाची पुढे यथेच्छ टिंगल झाली. ‘बाबू इंग्लिश’ हा हेटाळणीचा शब्द रूढ झाला. अर्नोल्ड राइट याने १८९१मध्ये हिंदी माणसांच्या इंग्रजीतले मासले गोळा करून हसण्यासाठी एक पुस्तकच काढले. या टिंगलीत हसू होते ते दोन गोष्टींवर : अलंकारांचा अतिरेक आणि व्याकरणाच्या चुका. म्हणजे पुन्हा सौजन्य आणि शुद्धता. मजकुराचे काय, हे हसणाऱ्यांनीही पाहिले नाही.

ते पाहायचे तर ओखिलचंद्र सेन यांचे पत्र घ्यावे. १९०९मध्ये साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला आलेले हे पत्र प्रसिद्ध आहे आणि त्याच्या इंग्रजीवर आजही लोक हसतात. फणस खाऊन पोट फुगलेला हा प्रवासी अहमदपूर स्टेशनवर उतरून शौचाला गेला. तेवढ्यात गार्डने शिटी दिली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर असा तो धावला आणि फलाटावर पडला. बायाबापड्यांसमोर उघडा पडला आणि गाडी निघून गेली. गार्डने पाच मिनिटे थांबू नये हे फार वाईट, तेव्हा लोकहितासाठी त्याला मोठा दंड करावा, नाहीतर वर्तमानपत्रांत कळवू, असे तो बजावतो. या पत्रामुळेच रेल्वेच्या डब्यांत शौचालये आली, असे सांगितले जाते. ती आख्यायिका बाजूला ठेवली, तरी पत्र पत्र म्हणून पाहण्यासारखे आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने त्यातले एकही वाक्य धड नाही. पण सात सींची यादी त्याला लावून पाहावी. कोण, कुठे, काय झाले, कोणामुळे झाले, काय हवे, न मिळाल्यास काय करणार, या सगळ्यांची उत्तरे त्यात आहेत. शब्द जेमतेम शंभर. नेमकेपणा विलक्षण आहे. लोटा आणि धोतर कोणत्या हातात होते हेही कळते. शुद्धता सोडली तर सातांपैकी बाकीचे गुण कमी-अधिक प्रमाणात त्यात सापडतात. आजच्या एखाद्या विमान कंपनीला गेलेली ‘अत्यंत निराशाजनक अनुभव’ आणि ‘योग्य ती दखल’ अशा शब्दांत घडवलेली निर्दोष इंग्रजी तक्रार याच्याशेजारी ठेवली, तर कोणते पत्र जास्त व्यावसायिक, हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही.

*

इंग्रजीतली जुनी चौकट विसाव्या शतकात मोडू लागली. ब्रिटिश सरकारच्या अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गावर्स यांनी १९४८मध्ये ‘प्लेन वर्ड्‌स’ हे पुस्तक लिहिले आणि १९५४मध्ये ‘द कम्प्लीट प्लेन वर्ड्‌स’ या नावाने ते विस्तारून आले. गावर्स स्वतः सनदी अधिकारी होते. त्यांचा रोख कचेरीच्या फुगीर इंग्रजीवर होता आणि सल्ला साधा होता : वाचणारा माणूस डोळ्यांसमोर आणा, साधा शब्द घ्या, लागतील तेवढेच शब्द वापरा, आणि नेमके लिहा. भारतात मात्र जुन्या चौकटीचे तुकडे टिकून राहिले. ‘प्लीज डू द नीडफुल’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. हा प्रयोग एकेकाळी इंग्लंडातही सर्रास चालत असे. तिथे तो जुना झाला, इथे राहिला. ‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर देणे, ‘प्रीपोन’ म्हणजे अलीकडे घेणे, हे आपले स्वतःचे.

प्रोफेशनल लँग्वेज शिकवणारे या शब्दांवर तुटून पडतात आणि ‘हे इंडियन इंग्लिश आहे, वापरू नका’ असे सांगतात. हे कारण लंगडे आहे. ‘प्रीपोन’ हा नेमका, गरजेचा आणि घडणीने स्वच्छ शब्द आहे; लंडनमध्ये कमी चालतो एवढ्यावरून तो त्याज्य ठरत नाही. ‘डू द नीडफुल’मध्ये खरी खोट आहे, पण ती वेगळी. त्यात काय करायचे ते सांगितलेले नाही. लिहिणाऱ्याने विचार करायचे काम वाचणाऱ्यावर ढकलले आहे. गंमत अशी की, हा प्रयोग काढून त्याजागी ‘काइंडली टेक ॲप्रोप्रिएट ॲक्शन’ लिहिले की शिक्षकाचे समाधान होते. शब्द नवे झाले, पोकळी तीच.

हीच पोकळी आपल्या शासकीय मराठीत ‘पुढील आवश्यक कार्यवाहीसाठी’ या रूपाने बसली आहे. महाराष्ट्रात १९६०मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४चा राजभाषा अधिनियम आला, पदनामांचे आणि व्यवहाराचे कोश झाले. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, त्याच धर्तीवर इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द मिळाले. हे काम मोठे होते. पण प्रतिशब्द शब्दांना मिळाले. वाक्याची घडण इंग्रजी कचेरीचीच राहिली. ‘आपणास कळविण्यात येते की’, ‘निदर्शनास आणून देण्यात आले आहे’, ‘निर्णय घेण्यात येईल’ या वाक्यांत कळवणारा, आणून देणारा, निर्णय घेणारा कोणीच नाही. मोडी पत्रातल्या कारकुनाला हे चमत्कारिक वाटले असते.

*

गेल्या तीसेक वर्षांत इंग्रजी व्यावसायिक पत्राच्या कडा जवळजवळ नाहीशा झाल्या. ‘डिअर सर’च्या जागी ‘हाय’ आले, ‘युअर्स फेथफुली’च्या जागी ‘बेस्ट’ आले. वरवर पाहता भाषा मोकळी झाली. पण औपचारिकता कुठे जात नसते. ती कडेवरून निघाली आणि मध्यात शिरली. माणसे कमी करण्याला ‘राइटसायझिंग’ म्हणू लागले, अपयशाला ‘चॅलेंज’, चुकीला ‘लर्निंग’. वरिष्ठाने नकार द्यायचा तर ‘आपण अजून अलाइन झालेलो नाही’ असे म्हणायचे. जुन्या पत्रात नम्रतेचा शब्द खोटा आणि कामाचा शब्द खरा असे. आता नम्रतेचा शब्द उरला नाही आणि कामाचा शब्दच गुळगुळीत झाला.

याचा चांगला नमुना जुलै २०१४मधला आहे. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा व्यवसाय नुकताच विकत घेतला होता. त्या विभागाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहिले. सुरुवात ‘हॅलो देअर’ अशी, गल्लीत भेटलेल्या माणसाला हाक मारावी तशी. पुढे कंपनीची दिशा, उत्पादनांची मांडणी, कोणत्या फोनवर भर द्यायचा, कोणता संघ कुठे जाणार याचे सविस्तर निरूपण. पत्राचा बराच भाग ओलांडल्यावर एका वाक्यात कळते की, यातून येत्या वर्षात अंदाजे १२,५०० माणसे कमी होतील. वाक्याची घडण पाहण्यासारखी आहे. ‘आम्ही १२,५०० जणांना कामावरून काढत आहोत’ असे ते म्हणत नाही. ‘याचा’ परिणाम म्हणून ‘घट’ होईल अशी योजना आहे, असे म्हणते. ‘आम्ही’ने फक्त योजना केली आहे, माणसांना काढणारे ‘हे’ आहे, म्हणजे वर वर्णन केलेली व्यूहनीती.

त्याच दिवशी कंपनीचे मुख्याधिकारी सत्या नडेला यांचेही पत्र निघाले. एकूण १८,००० पर्यंत जागा कमी होणार, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले आणि त्या वाक्यात ‘आम्ही’ कर्ता होता. त्याही पत्रात नव्या धर्तीचे गुळगुळीत शब्द आहेत. तरी दोन्ही पत्रे शेजारी ठेवली की फरक कळतो. एका पत्रात ‘विशेष’ जवळपास दारातच आहे. दुसऱ्यात ते शोधत जावे लागते, आणि शोधणारा माणूस आपली नोकरी शोधत असतो.

*

नोकरी जाणे ही एक किंमत झाली. याहून मोठी किंमत मोजलेले एक प्रकरण आहे, आणि त्याची कागदपत्रे चौकशी आयोगामुळे सार्वजनिक झाल्याने ती शब्दशः तपासता येतात. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले आणि त्यातले सातही जण मरण पावले. यानाच्या बाजूची घन इंधनाची रॉकेटे मॉर्टन थायोकोल ही खासगी कंपनी बनवत असे. रॉकेटच्या भागांच्या सांध्यांत रबराची गोल कडी, ‘ओ-रिंग’, बसवलेली असत. थंडीत ही रबरी कडी कडक होते आणि सांधा वेळेत बंद होत नाही. १९८५च्या जानेवारीतल्या थंड हवेतल्या उड्डाणानंतर परत आणलेल्या रॉकेटमध्ये दोन कड्यांच्या मधे काजळी सापडली होती. गरम वायू पहिल्या कडीला ओलांडून गेला होता.

कंपनीतले अभियंता रॉजर बॉइसजोली यांनी ३१ जुलै १९८५ रोजी अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष रॉबर्ट लुंड यांना एक टिपण पाठवले. त्याचे पहिले वाक्य पक्के कचेरीतले आहे, कर्मणी प्रयोगातले : व्यवस्थापनाला प्रश्नाच्या गांभीर्याची पूर्ण जाणीव राहावी यासाठी हे पत्र लिहिण्यात येत आहे. पण जसजसे टिपण पुढे जाते, तसतशी भाषा बदलते. सांधा निकामी झाला तर परिणाम सर्वोच्च दर्जाचे संकट असेल, माणसांचे प्राण जातील, असे ते लिहितात. आणि शेवटी ‘माझी प्रामाणिक आणि अगदी खरी भीती’ असे शब्द येतात. तातडीने पथक नेमले नाही, तर एक उड्डाण प्रक्षेपणतळासकट गमावू. ‘लिहिण्यात येत आहे’पासून ‘माझी भीती’पर्यंतचा हा प्रवास दोन पानांचाही नाही. त्यात एक माणूस कचेरीच्या भाषेतून बाहेर पडून स्वतःच्या नावाने बोलू लागतो.

दोन महिन्यांनी, १ ऑक्टोबर १९८५ला, त्याच कंपनीतले बॉब इबेलिंग यांनी आपल्या वरिष्ठांना, ॲलन मॅक्डोनल्ड यांना, टिपण लिहिले. त्याचा पहिला शब्द आहे ‘हेल्प’, पुढे उद्गारचिन्ह. ओ-रिंगच्या कामासाठी नेमलेल्या पथकाला शक्य त्या सगळ्या मार्गांनी रखडवले जात आहे, अशी तक्रार. शेवट, ‘हे लाल निशाण आहे’ या आशयाच्या वाक्याने. बिझनेस कम्युनिकेशनच्या कोणत्याही परीक्षेत हे टिपण नापास होईल. मायना नाही, सौजन्य नाही, उद्गारचिन्ह आहे. पण वाचणाऱ्याला काय चालले आहे, हे पहिल्या दोन ओळींत कळते.

आता तिसरा कागद. उड्डाणाच्या आदल्या रात्री दूरध्वनीवरून बैठक झाली. आधीच्या सर्वांत थंड उड्डाणावेळी कडीचे तापमान ५३ अंश फॅरनहाइट होते. त्याहून थंड असेल तर उडू नये, अशी शिफारस थायोकोलने आधी केली. नासाचे अधिकारी नाराज झाले. थायोकोलच्या लोकांनी आपापसांत बोलायला वेळ मागून घेतला. त्या मधल्या वेळात, आता अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घाला, असे लुंड यांना सांगितले गेले. बॉइसजोली आणि त्यांचे सहकारी विरोध करत होते; निर्णय चौघा व्यवस्थापकांनी घेतला. मग उपाध्यक्ष जो किलमिन्स्टर यांच्या सहीने एका पानाची तार-प्रत नासाला गेली. केनेडी केंद्रावर हजर असलेल्या मॅक्डोनल्ड यांनी त्यावर सही करायला नकार दिला होता.

हे पान व्यावसायिक इंग्रजीचा आदर्श नमुना आहे. मुद्देसूद, थंड, संक्षिप्त. पहिला मुद्दा : या रॉकेटच्या कड्या आधीच्या थंड उड्डाणातल्या कड्यांपेक्षा २० अंशांनी थंड असतील. पुढे : तापमानाची माहिती निर्णायक नाही. मग ‘अभियांत्रिकी मूल्यमापन’ या शीर्षकाखाली : थंड कडी कडक होईल, कडक कडीला बसायला वेळ लागेल, अधिक वायू पहिल्या कडीला ओलांडून जाऊ शकेल. त्यानंतर दिलाशाच्या ओळी : झीज सोसण्याची क्षमता तिप्पट आहे, पहिली कडी बसली नाही तर दुसरी बसेल. आणि मग : कंपनी उड्डाणाची शिफारस करते. शेवटची ओळ : हे रॉकेट आधीच्या रॉकेटहून ‘लक्षणीयरीत्या’ वेगळे असणार नाही.

समीक्षकाने या पानात तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, यातली शिफारस वगळता बहुतेक वाक्यांना माणूस कर्ता नाही, आणि शिफारसीचा कर्ताही ‘कंपनी’ आहे. ‘अभियांत्रिकी मूल्यमापन’ असे म्हटले आहे, पण ज्या अभियंत्यांना ही कडी सर्वांत जास्त ठाऊक होती, ते त्या वेळी उडू नका म्हणत होते. दुसरी, मुद्द्यांच्या यादीत ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘पण’ हे शब्द नाहीत. सलग गद्यात लिहिले असते, तर ‘कडी थंड, म्हणून कडक, म्हणून उशिरा बसणार’ यानंतर ‘तरीही उडावे’ असे लिहावे लागले असते, आणि ‘तरीही’ लिहिताना हात अडखळला असता. मुद्द्यांच्या यादीने ती अडचण दूर केली. तिसरी गोष्ट म्हणजे ‘लक्षणीयरीत्या’ हा शब्द. पहिल्या ओळीत २० अंश असा आकडा आहे; शेवटच्या ओळीत त्या आकड्याला एका क्रियाविशेषणाने पुसून टाकले आहे. किती फरक असला म्हणजे लक्षणीय, हे पानभर कुठेही नाही.

सतरा वर्षांनी हा शब्द पुन्हा भेटतो. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना नष्ट झाले. कल्पना चावला त्यात होत्या. यान वर असताना त्याच्या पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याने किती नुकसान झाले असेल, याचा अंदाज प्रेझेंटेशनच्या चित्रचौकटींतून मांडला गेला होता. एडवर्ड टफ्टी यांनी त्यातली एक चौकट ओळ-ओळ तपासली. शीर्षक दिलासा देणारे होते. अगदी तळाशी, बारीक टिंबाखाली, खरी गोष्ट होती : प्रयोगांत वापरलेला तुकडा ३ घनइंचांचा, प्रत्यक्ष तुकड्याचा अंदाज १९२० घनइंचांचा. म्हणजे ६४० पट. ‘सिग्निफिकंट’ हा शब्द त्या एका चौकटीत पाच वेळा होता, दर वेळी निराळ्या अर्थाने. ६४० पट हे ‘विशेष’ होते. ते तळाशी पडून होते. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात, तांत्रिक निबंधांच्या जागी अशा चौकटी वापरण्याच्या नासातल्या सवयीवर ठपका ठेवला.

*

यावर काही आक्षेप येतील, आणि ते खरे आहेत.

पहिला आक्षेप : स्पष्ट लिहून काय झाले? बॉइसजोली आणि इबेलिंग यांनी लिहिले, तरी यान उडालेच. हे नाकारता येत नाही. स्पष्ट भाषा सत्तेवर मात करते, असा दावा कोणी करू नये. पण अपघातानंतर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे म्हणण्याची सोय उरली नाही ती याच कागदांमुळे. आयोगापुढे ते पुरावा ठरले. बॉइसजोली यांना सहकाऱ्यांनी वाळीत टाकले, कंपनी सोडावी लागली. पुढे १९८८मध्ये विज्ञानप्रसारासाठीच्या अमेरिकी संघटनेने त्यांना वैज्ञानिक स्वातंत्र्य आणि जबाबदारीचा पुरस्कार दिला. त्यांनी ‘काही चिंता व्यक्त करण्यात येत आहे’ एवढेच लिहिले असते, तर ते टिपण पुरावा म्हणून कोणत्याही बाजूला वापरता आले असते.

दुसरा आक्षेप जास्त जवळचा आहे. मोघम भाषा हा दुबळ्याचा आडोसा असतो. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या मुलीला इंग्रजीत ईमेल लिहिताना आधीच धाकधूक असते. पाठ केलेली वाक्ये तिला आधार देतात. ती ‘ॲज पर द सब्जेक्ट मेन्शन्ड अबव्ह’ लिहिते, कारण त्यात चूक होणार नाही. हे समजून घ्यायला हवे. पण तिला हा आडोसा कोणी घ्यायला लावला? आपल्या शिकवण्याने चुकीच्या इंग्रजीची लाज वाटायला शिकवली, रिकाम्या इंग्रजीची नाही. ‘मटेरियल नॉट केम, लाइन स्टॉप फ्रॉम टेन ओक्लॉक’ असे कोणी लिहिले तर कचेरी हसते. ‘साहित्याच्या उपलब्धतेसंदर्भात काही आव्हाने अनुभवास येत आहेत’ याचे निर्दोष इंग्रजी लिहिले तर मान डोलावते. उत्पादन मात्र पहिल्या वाक्याने लवकर सुरू होईल. व्याकरण शिकवावे, जरूर शिकवावे. ते पहिल्या वाक्याला शिकवावे. त्या वाक्यात शिकवण्यासारखे काही आहे.

तिसरा आक्षेप सौजन्याचा. सरळ लिहिले तर उद्धट वाटेल. इथे मोडी पत्र पुन्हा उपयोगी पडते. त्यात सौजन्याला भरपूर जागा होती, पण तिची हद्द आखलेली होती. आजही ‘आदरपूर्वक नमस्कार’ लिहावा, ‘आपल्या वेळेबद्दल आभार’ मानावेत. त्या दोहोंच्या मधे मात्र कोण, काय, केव्हापर्यंत, हे असावे. नम्रता माणसाशी असते. वस्तुस्थितीशी नम्रतेने वागण्याचे कारण नसते.

अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने १९९८मध्ये साध्या इंग्रजीत लिहिण्याविषयी एक पुस्तिका काढली. तिची प्रस्तावना वॉरन बफे यांनी लिहिली आहे. वार्षिक अहवाल लिहिताना आपण आपल्या बहिणींशी, डोरिस आणि बर्टी यांच्याशी बोलत आहोत अशी कल्पना करतो, असे ते सांगतात. त्या हुशार आहेत, पण हिशेबाच्या तज्ज्ञ नाहीत. ही युक्ती चालते, कारण बहिणीला ‘आव्हाने अनुभवास येत आहेत’ असे कोणी लिहीत नाही.

आपल्या वाणिज्य आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा विषय शिकवला जातो, तेव्हा नमुना म्हणून कल्पित कंपन्यांची कल्पित पत्रे देतात. त्यांच्याऐवजी ओखिलचंद्र सेन यांचे पत्र, इबेलिंग यांचे टिपण आणि त्या रात्रीची तार-प्रत ही तीन पाने विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत. प्रत्येकात कर्ता कोण, क्रिया कोणती, आकडा कुठे आहे आणि तो कोणत्या शब्दाने झाकला आहे, हे शोधायला सांगावे. मग त्यांच्याच मागच्या आठवड्यातल्या ईमेलमध्ये ‘विशेष’ कितव्या ओळीत आहे, ते मोजायला सांगावे. एवढे झाले तर सात सींपैकी मागे पडलेला नेमकेपणा पुन्हा रांगेत उभा राहील, आणि त्याच मुलांनी मराठीत अर्ज लिहिला तर ‘करण्यात यावे’ लिहिण्याआधी कोणी करावे, हे ती एकदा स्वतःला विचारतील.